घाटाखालून फौजा गेल्या

१८०३ च्या ऑक्टोबरात फर्दापूरच्या माळावर इंग्रजांची छावणी पडली होती. महिनाभरापूर्वी, २३ सप्टेंबरला, घाटमाथ्यावरच्या पठारात असईजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या एकवटलेल्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली. लढाई त्याने जिंकली, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात ठेवावं म्हटलं तर निजामाच्या किल्लेदाराने दार उघडलं नाही. शेवटी अजिंठा गावच्या कोटात दवाखाना मांडावा लागला. मग वेलस्ली स्वतः घाट उतरून खानदेशच्या अंगाला आला. स्टीव्हन्सनची दुसरी फौज तेव्हा बऱ्हाणपूर आणि असीरगडावर चालून गेली होती आणि तिच्या पाठीशी राहणं त्याला भाग होतं. त्याच्या छापील पत्रव्यवहारात फर्दापूरच्या मुक्कामावरून लिहिलेली पत्रं आहेत.

त्या मुक्कामापासून पाचेक किलोमीटरवर, वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारख्या कापलेल्या घळीत, जवळजवळ तीस लेणी उभ्या कड्यात रांगेने बसलेली होती. वेलस्लीला त्यांची खबर नव्हती. इंग्रजी कागदांत त्यांचं नाव यायला अजून सोळा वर्षं होती.

खबर का नव्हती, हे फर्दापूरला उभं राहून पाहिलं की कळतं. बऱ्हाणपूरहून औरंगाबादला जाणारा जुना राजरस्ता या गावावरून घाट चढतो. मोगलकाळातली सराई गावात आहे, ती याच वाहतुकीसाठी. उत्तरेतून दख्खनेत उतरणारा सुभेदार, व्यापारी, फौजफाटा, सगळ्यांचा घाटापूर्वीचा मुक्काम फर्दापूरला पडायचा. १८०३ च्या ऑगस्टमध्ये शिंदे-भोसल्यांची फौजही याच घाटाने वर चढून जालन्याकडे गेली होती. रस्ता मात्र ज्या डोंगराला वळसा घालून जातो, त्याच्या पोटात लेणी आहेत. त्यांची तोंडं घळीच्या आत वळलेली, समोर दुसरा कडा, मध्ये नदी आणि दाट झाडी. वाटेवरून काही दिसत नाही. शिवाय तिथे धान्य नव्हतं, चारा नव्हता, खजिना नव्हता. फौजेला तिकडे वळायचं कारणच नव्हतं.

युद्धाची सावली या लेण्यांवर त्याआधीही एकदा पडून गेली होती. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात इथलं दुसऱ्या खेपेचं मोठं काम झालं. सोळाव्या लेण्यातला लेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा आहे. सतराव्या लेण्यातला लेख एका स्थानिक राजाच्या दानाची हकीकत सांगतो. सव्विसाव्या लेण्यातला भिक्षू बुद्धभद्र आपलं नातं अश्मक देशाच्या मंत्र्याशी सांगतो. अजिंठ्याच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या वॉल्टर स्पिंक यांनी या लेखांवरून आणि अर्धवट राहिलेल्या खोदकामावरून एक मांडणी केली. स्थानिक राजा आणि अश्मक यांच्यातल्या वैरामुळे काम मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर साम्राज्य ढासळताच कायमचं बंद पडलं, असं त्यांचं म्हणणं होतं. तारखांवर विद्वानांचे वाद आहेत, ते त्यांच्याकडे राहू देत. चोविसावं लेणं पाहणाऱ्याला मात्र कुणी काही समजवावं लागत नाही. काही खांब घडवून पूर्ण, काही नुसते ठोकळे, आत दगड तसाच. काम करणारे हात एकाएकी उठून गेले, हे तो दगडच सांगतो.

१८०३ नंतरची पंधरा वर्षं या मुलखाने फार सोसली. होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी दख्खन आणि खानदेशातली गावंच्या गावं ओस पाडली. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरात भिल्लांच्या टोळ्या राज्यकर्त्यांना जुमानत नव्हत्या. रान वाढलं, वाघ वाढले. त्या काळात लेण्यांत वटवाघळं, मधमाश्या आणि अधूनमधून आसरा घेणारी माणसं राहिली असतील, चुलीच्या धुराने भिंती काळवंडल्या असतील. पण भिंतींवरचं चित्र कुणी उचलून नेलं नाही.

मराठ्यांशी शेवटचं युद्ध १८१८ मध्ये संपलं आणि पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रासच्या घोडदळातल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख कोरली. शिकारीच्या नादात तो तिथे पोचला, अशी गोष्ट सांगतात. ती अक्षरं आज डोक्यावर बऱ्याच उंचीवर दिसतात, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात कित्येक फूट माती साठलेली होती. ज्या जागी त्याने टोक चालवलं तिथे दीड हजार वर्षांपूर्वीचा रंग होता.

हा पहिला ओरखडा आणि त्याची वेळ, दोन्ही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. तोफा थंडावल्या, वाट निर्धोक झाली, आणि लेण्यांवर खरी आपत्ती आली. १८२४ मध्ये जेम्स अलेक्झांडर नावाचा लष्करी अधिकारी वाघांचं आणि भिल्लांचं भय घातलं गेलं असतानाही तिथे जाऊन आला आणि त्याची हकीकत लंडनच्या एशियाटिक सोसायटीने १८२९ मध्ये छापली. ती छापली जाण्याआधीच, १८२८ मध्ये, डॉ. जेम्स बर्ड येऊन गेला होता. हा विद्वान माणूस, पण सतराव्या लेण्याच्या ओसरीतल्या भवचक्रातल्या चार आकृती त्याने भिंतीवरून सोलून काढल्या. त्याच सुमारास तिथे असलेल्या राल्फ नावाच्या प्रवाशाने संतापून ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. अजिंठ्याचा रंग दगडावर नाही. दगडावर माती, भाताचं तूस, शेण आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. असला थर सुरीने सोडवला की त्याचा चुरा होतो. पुढच्या पन्नास वर्षांत कितीजणांनी तसा प्रयत्न केला याचा हिशेब लागत नाही. एक तुकडा आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. राखणीला म्हणून ठेवलेला माणूसच पाहुण्यांना रंगीत तुकडे काढून देतो, अशी तक्रारही पुढे लिहिली गेली.

वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन १८३९ मध्ये इथे आला. चित्रं झपाट्याने चालली आहेत, निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवा, असा आग्रह त्याने कंपनीच्या संचालकांकडे धरला. त्यातून १८४४ मध्ये मद्रासच्या पायदळातला कॅप्टन रॉबर्ट गिल अजिंठ्याला आला. गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांची गोष्ट मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेने पोचवली आहे, आणि पारोची १८५६ ची समाधी अजिंठा गावात आहे. इथे त्याच्या कामाकडे पाहू. अजिंठा गावच्या बारादरीत राहून, ताप आणि एकटेपण सोसत, जवळजवळ वीस वर्षं त्याने कॅनव्हासवर मोठमोठ्या नकला उतरवल्या. त्या जहाजांनी लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या. जगातल्या सगळ्यांत सामर्थ्यवान साम्राज्याची राजधानी, तिथलं नामांकित प्रदर्शनघर. याहून सुरक्षित जागा कुणाला सुचली असती? ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे आग लागली आणि गिलची बहुतेक सगळी चित्रं जळाली. उरली ती बोटांवर मोजण्याइतकी. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

त्याच्या हयातीतच दुसरा प्रयत्न सुरू झाला होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्या-हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत राहिले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्या तुकडीत होते. शेकडो नकला तयार झाल्या. त्याही लंडनला गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. १८८५ मध्ये तिथे आग लागली आणि शंभराहून अधिक नकला नष्ट झाल्या. उरलेल्या आजही लंडनमध्ये आहेत. ग्रिफिथ्सनी त्यांच्या आधाराने १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढले. एक गोष्ट त्यांच्याही खात्यावर मांडायला हवी. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांनी भिंतींवर वार्निश चढवलं. ते पुढे पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली आणि खालचा रंग झाकोळला.

एवढ्या हकिकतीनंतर एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. असईपासून १८८५ पर्यंत अजिंठ्याचं जे नुकसान झालं, त्यात युद्धाचा वाटा जवळजवळ नाही. ते शांततेत झालं. कुणी आठवण म्हणून तुकडा नेला, कुणी अभ्यासाच्या नावाखाली भिंत सोलली, कुणी चांगल्या हेतूने वार्निश लावलं. आणि जे सुरक्षित ठेवायला दूर पाठवलं, त्यातलं बरंचसं दूरच जळालं. मूळ भिंतींची राखण त्या जागी राहणाऱ्या, जागा ओळखणाऱ्या आणि त्याच कामाचा पगार घेणाऱ्या माणसाशिवाय होणार नव्हती. ती व्यवस्था उभी राहायला आणखी तीस वर्षं लागली, आणि ती उभी राहिली ती नेमकी जागतिक युद्ध पेटलं त्या वर्षी.

त्याची पूर्वतयारी फर्दापूरच्या तंबूंत झाली. इंग्लंडमध्ये टेंपेरा चित्रपद्धतीला पुन्हा उभारी देणाऱ्या क्रिस्टियाना हेरिंगहॅम १९०६ मध्ये अजिंठा पाहून गेल्या आणि १९०९-१० व १९१०-११ अशा दोन हिवाळ्यांत नकला करायला परत आल्या. तंबू फर्दापूरच्या बाजूला पडले. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले. विलायतेहून डोरोथी लार्चर आली. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन हे दोन चित्रकार आले. वीज नसलेल्या काळात अंधाऱ्या विहारात शिडीवर उभं राहून, वर मधमाश्यांची पोळी आणि वटवाघळं, असं ते काम होतं. आधुनिक भारतीय चित्रकलेला त्या दोन हिवाळ्यांनी काय दिलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्या कथेत महत्त्वाचे आहेत सय्यद अहमद. बाकीचे नकला घेऊन गेले, सय्यद अहमद पुढे लेण्यांचे अभिरक्षक झाले.

१९१४ मध्ये, अजिंठा ज्याच्या हद्दीत होता त्या हैदराबाद संस्थानाने स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं. त्यामागे अकबर हैदरी यांच्यासारख्या वजनदार अधिकाऱ्याचा आग्रह होता. संचालक म्हणून दिल्लीत जन्मलेले, अरबीचे अध्यापक राहिलेले गुलाम याझदानी आले. त्या वेळी ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्याच ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटलं. लुव्हाँचं ग्रंथालय जर्मन फौजेने जाळलं, सप्टेंबरमध्ये ऱ्हाँसच्या कॅथेड्रलवर गोळे पडले. शतकानुशतकं जपलेलं धन किती वेगाने राख होतं हे सुशिक्षित जगाने त्या दोन महिन्यांत पाहिलं. हैदराबाद संस्थान त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने होतं. निजामाने पैसा दिला, घोडदळ दिलं आणि ते घोडदळ इजिप्त-पॅलेस्टाइनपर्यंत गेलं. असा खर्चाचा काळ असताना नव्या खात्याला कात्री लागली नाही, हे मला फार मोठं वाटतं. युद्धाच्या काळात अशी खाती आधी बंद पडतात.

हेरिंगहॅमबाईंच्या पथकाच्या नकलांचं पुस्तक लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये, ऐन युद्धात प्रसिद्ध केलं. त्या स्वतः तोवर मनाच्या आजाराने रुग्णालयात होत्या आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

युद्ध चालू असतानाच आणखी एक पथक अजिंठ्याला आलं, जपानमधून. आराई काम्पो हा चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याला शिकवायला आला होता. १९१७-१८ च्या हिवाळ्यात कलेचा इतिहासकार सावामुरा आणि इतर जपानी चित्रकारांबरोबर त्याने इथल्या भिंतींच्या नकला केल्या. जपानच्या नारा प्रांतातल्या होर्युजी मंदिरात सातव्या-आठव्या शतकांतली भित्तिचित्रं होती आणि त्यांतल्या बोधिसत्त्वांचं कुळ अजिंठ्याशी जुळतं, असं जपानी अभ्यासकांना वाटत होतं. नकला टोकियोच्या विद्यापीठात गेल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत त्या नष्ट झाल्या. सिडनहॅम, साउथ केन्सिंग्टन आणि आता टोकियो.

इकडे भिंतींचं मुख्य काम अजून व्हायचं होतं. गिलावा दगडापासून सुटून फुगला होता, काही ठिकाणी नुसता लोंबत होता. भित्तिचित्रं जपण्याचं कसब तेव्हा इटलीत होतं, आणि इटली १९१५ पासून स्वतः युद्धात होती. महायुद्ध संपल्यावर निजाम सरकारने तिथून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. १९२०-२१ आणि १९२१-२२ या दोन हिवाळ्यांत त्यांनी लेण्यांत काम केलं. सुटलेल्या गिलाव्यामागे चिकट द्रव्य सोडून तो पुन्हा दगडाला धरवला, फुटक्या कडा बुजवल्या, काजळी आणि जुनं वार्निश जमेल तितकं काढलं आणि शेवटी रंग टिकावा म्हणून लाखेचा पातळ हात दिला. लाखेबद्दल पुढे बोलावं लागेल. पण आज पहिल्या लेण्यातला पद्मपाणी भिंतीवर आहे, सतराव्यातल्या जातककथा भिंतीवर आहेत, त्यात त्या दोन हिवाळ्यांचा हिस्सा मोठा आहे.

इटालियन गेले, राखण चालू राहिली. जाळ्या, दारं, खांबांची डागडुजी, पावसाचं पाणी वळवणं, पहारेकरी, पाहुण्यांवर नजर. अशा कामाची बातमी होत नाही. याझदानींच्या खात्याच्या वार्षिक अहवालांत ती रुक्ष ओळींमध्ये पडून आहे आणि मला ती चित्रांच्या वर्णनांइतकीच वाचनीय वाटते. बुद्धाच्या भिक्षूंनी आणि वाकाटकांच्या मंत्र्यांनी घडवलेलं हे वैभव एका मुसलमान राजाच्या खात्यातल्या मुसलमान अधिकाऱ्यांनी जपलं. याझदानींनी प्रत्येक जातककथेची ओळख पटवत ‘अजिंठा’ हा ग्रंथ लिहायला घेतला. १९२० च्या दशकात लंडनहून आलेल्या ई. एल. व्हॅसी यांनी त्यासाठी रंगीत छायाचित्रं घेतली. पहिला भाग १९३० मध्ये आला, दुसरा १९३३ मध्ये. तिसऱ्याला १९४६ उजाडलं.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध येऊन गेलं. त्या युद्धात हवेतून येणारं संकट सगळीकडे एकसारखं होतं. आग्र्याला ताजमहालाच्या घुमटाभोवती वरून ओळखू येऊ नये म्हणून बांबूंचा सांगाडा उभारला गेला. मिलानमध्ये लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’पुढे वाळूच्या पोत्यांची भिंत रचली होती. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बॉम्बने ते दालन उद्ध्वस्त केलं, तरी ती भिंत उभी राहिली.

बर्लिनची गोष्ट अजिंठ्याच्या अधिक जवळची आहे. मध्य आशियात तुर्फानजवळ बेझेक्लिक इथे बौद्ध लेण्यांत सुंदर भित्तिचित्रं होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन संशोधक आल्बर्ट फॉन ल कॉक आणि त्याचा मदतनीस बार्टुस यांनी ती करवतीने कापून पेट्यांत भरून बर्लिनला नेली. तिथे राहिली तर नष्ट होतील, आमच्या संग्रहालयात सुरक्षित राहतील, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मोठी चित्रं संग्रहालयाच्या भिंतींत कायमची बसवली गेली. १९४३ ते १९४५ च्या बॉम्बवर्षावात लहान वस्तू हलवता आल्या. भिंतींत जखडलेली चित्रं हलवता आली नाहीत, आणि ती गेली. बर्डसारख्यांच्या सुरीला पुढेही कुणी अटकाव केला नसता, तर पद्मपाणीही असाच एखाद्या परक्या राजधानीतल्या भिंतीत बसला असता.

जपानमध्ये १९४० पासून होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं काम सुरू झालं होतं. त्या कामातल्या एका गटाचा प्रमुख होता आराई काम्पो, तेव्हा साठी ओलांडलेला. ज्या हाताने अजिंठ्याच्या भिंती उतरवल्या, तोच हात आता त्यांच्या दूरच्या नातलगांना उतरवत होता. युद्ध वाढत गेलं, चित्रकार कमी होत गेले. १९४५ मध्ये आराई काम्पो वारला. नारा बॉम्बमधून वाचलं. युद्ध संपून तीन वर्षं उलटल्यावर, २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, नकलांचं काम चालू असलेल्या त्याच मुख्य मंडपात आग लागली आणि भित्तिचित्रं करपून गेली. जपानने लगेच, १९५० मध्ये, सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा नवा कायदा केला. २६ जानेवारी हा दिवस तिथे आजही वारशाच्या जागांवरच्या अग्निशमनाच्या सरावाचा दिवस म्हणून पाळतात.

फर्दापूरला त्या आगीआधीच स्वतःच्या हद्दीत लढाई पाहावी लागली होती. हे गाव हैदराबाद संस्थानाच्या उत्तर टोकाला, पलीकडे मुंबई प्रांताचा खानदेश. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे तिरंगा चढला, अलीकडे निजामाचं राज्य राहिलं. नोव्हेंबरमध्ये जैसे थे करार झाला, पण मराठवाड्यात शांतता नव्हती. रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा मुक्तिलढा, सीमेवरून येणारी-जाणारी माणसं. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. औरंगाबादच्या आघाडीवर मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या हाताखालच्या तुकड्या होत्या. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. पाच दिवसांची लढाई, पण तिच्या आधीची दहशत आणि नंतर अनेक गावांत मुसलमान वस्त्यांवर उगवलेला सूड, दोन्ही जखमा मराठवाड्यात दीर्घकाळ राहिल्या. लेणी मात्र या धामधुमीतून सुखरूप बाहेर पडली.

ती तशी राहतील हे गृहीत धरण्यासारखं नव्हतं. ज्या राज्याने राखण उभी केली तेच राज्य संपलं होतं. अशा सांध्यावर कागद हरवतात, पगार थांबतात, पहारेकरी घरी जातात आणि दारं उघडी राहतात. इथे तसं होऊ दिलं गेलं नाही. १९५१ च्या कायद्याने संस्थानांतली महत्त्वाची स्मारकं राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला. याझदानी १९४३ मध्येच निवृत्त झाले होते, पण ग्रंथ त्यांनी सोडला नाही. निजामाच्या राज्यात सुरू झालेल्या त्या ग्रंथाचा चौथा आणि शेवटचा भाग १९५५ मध्ये स्वतंत्र भारतात आला. १९५९ मध्ये याझदानींना पद्मभूषण मिळालं. १९६२ मध्ये ते वारले. युद्धकाळात सांस्कृतिक वारशाला हात लावू नये यासाठीचा हेगचा आंतरराष्ट्रीय करार १९५४ चा. भारताने त्याला १९५८ मध्ये मान्यता दिली. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेला.

पुढे पैसा जपानमधूनही आला. १९९२ पासूनच्या अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्पाला जपान सरकारचं कर्ज होतं. त्याच प्रकल्पातून घळीत धूर जाऊ नये म्हणून खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवायला सुरुवात झाली. तिथून पुढे बस. फर्दापूरच्या अभ्यागत केंद्रात पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या नकला दूर पाठवण्यासाठी झाल्या होत्या. या जवळ राहण्यासाठी, मूळ भिंतींवरचा माणसांच्या श्वासांचा आणि घामाचा ओलावा थोडा कमी व्हावा म्हणून.

राहिली चेक्कोनींची लाख. तिने गिलावा धरून ठेवला, पण तीही काळाबरोबर पिवळी आणि मग तपकिरी झाली, धूळ ओढत राहिली. १९९९ पासून सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह यांनी नवव्या आणि दहाव्या लेण्यांत ती बोटाबोटाने काढायला घेतली. तिच्याखाली काजळी होती आणि काजळीखाली सातवाहनकाळातली चित्रं, पाचव्या शतकातल्या चित्रांहून पाचशे वर्षांनी जुनी. काही भागांचे रंग इतके स्वच्छ निघाले की त्या लेण्यांबद्दलचं लेखन नव्याने करावं लागलं. चेक्कोनींनी त्यांच्या काळातलं सर्वोत्तम ज्ञान वापरलं होतं, ग्रिफिथ्सनीही. म्हणून आता भिंतीला जे काही लावायचं ते पुढच्या पिढीला इजा न करता परत काढता आलं पाहिजे, हा दंडक जतनशास्त्रात पक्का झाला आहे आणि अजिंठ्यातलं काम त्याच दंडकाने चालतं.